ओळी नऊ, पाहुणे किती?

मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर मागे पडले, की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम हे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. पण विद्यार्थिमित्रांनो, आज आपण केमला जाणार आहोत ते कुंकू पाहायला नव्हे, तर एक वही भरायला.

समजा, तुम्ही केमच्या फलाटावर वही-पेन्सिल घेऊन बसला आहात. डोळ्यांसमोर जे घडेल ते वेळेसह एका ओळीत लिहायचे, एवढेच तुमचे काम. एक मालगाडी आली आणि बाजूच्या रुळावर थांबली. लिहा एक ओळ. मागून एक एक्स्प्रेस न थांबता धडधडत पुढे गेली. दुसरी ओळ. पलीकडच्या फलाटावर पॅसेंजर आली. तिसरी ओळ. ती सुटली. चौथी. मग कुठे मालगाडीला वाट मोकळी झाली आणि ती हलली. पाचवी ओळ.

आता वही पाहा. ओळी अगदी बरोबर आहेत, वेळाही बरोबर आहेत. पण मालगाडीची हकीकत पहिल्या आणि पाचव्या ओळीत विभागली गेली आहे आणि मध्ये इतर गाड्या घुसल्या आहेत. 'मालगाडी केमला किती वेळ उभी होती?' असे कोणी विचारले, तर तुम्हाला तिच्या तेवढ्या ओळी वेचून एकत्र कराव्या लागतील. ओळख कशावरून पटवायची? गाडीच्या क्रमांकावरून.

एवढ्याने काम संपले का? नाही. सोलापूरहून मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या. तिचा क्रमांक १२११६. ती आज रात्री जाते आणि उद्या रात्रीही जाते. क्रमांक तोच, पण प्रवास वेगळा. तुम्ही आठवडाभराची वही उघडून केवळ १२११६ या क्रमांकाच्या सगळ्या ओळी एकत्र केल्या, तर सात प्रवासांचा एकच गोळा होईल. म्हणून क्रमांकाबरोबर वेळेतील खंडही पाहावा लागतो. खंड मोठा असेल, तर प्रवास नवा.

हीच रीत आज जगभरातील संगणक रोज वापरतात. ती कशी, ते आता पाहू.

सर्व्हरची वही

तुम्ही फोनवर किंवा संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा ते पान कोठून तरी दूरच्या संगणकातून येते. मागेल त्याला पान देणाऱ्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद एका ओळीत करून ठेवतो. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, कोणते पान मागितले, ते देता आले की नाही, आणि किती मजकूर पाठवला, एवढे त्या ओळीत असते. या नोंदवहीला लॉग म्हणतात.

हा शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूच्या घड्याळातील वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या, ते मोजून एका वहीत लिहीत. लाकडाच्या ओंडक्याला इंग्रजीत लॉग म्हणतात. म्हणून ती वही लॉगबुक झाली. गाठीला नॉट म्हणतात. म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. सर्व्हरला आपण मागच्या क्षणी कोणाला काय दिले याची आठवण नसते. पान मागितले, पान दिले, व्यवहार संपला. त्याच व्यक्तीने दुसरे पान मागितले, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती पूर्णपणे नवी मागणी असते. वेब ज्या नियमांवर चालते, त्यांची रचनाच मुळी अशी आहे. त्यामुळे कामे सोपी आणि जलद होतात, पण वहीत केवळ सुट्या ओळी उरतात.

महाराष्ट्रात दरवर्षी दहावीच्या परीक्षेला पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. निकाल लागला की तेवढे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक एकाच वेळी निकालाच्या संकेतस्थळावर धाव घेतात. केममधील मुलीची एक ओळ, मग कोल्हापूरच्या मुलाची, मग गडचिरोलीची, मग पुन्हा केमची, अशी ती सरमिसळ असते. एका व्यक्तीने एका बैठकीत केलेल्या मागण्या या ढिगातून वेगळ्या काढायच्या असतात. अशा एका बैठकीला सत्र म्हणतात.

नऊ ओळींचा खेळ

असे समजा, की केमच्या एका शाळेने आपले संकेतस्थळ काढले आहे. त्याच्या लॉगमधील नऊ ओळी पुढे दिल्या आहेत. खऱ्या लॉगमध्ये पत्ता २०३.०.११३.७ अशा आकड्यांत असतो. हा आकडा कोणाच्या घरचा नाही. तो केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. सोयीसाठी आपण दोन पत्त्यांना अ आणि ब म्हणू.

ओळ १ : १०.०२, पत्ता अ, मुखपृष्ठ
ओळ २ : १०.०३, पत्ता ब, वेळापत्रक
ओळ ३ : १०.०४, पत्ता अ, निकाल
ओळ ४ : १०.०९, पत्ता ब, निकाल
ओळ ५ : १०.११, पत्ता अ, छायाचित्रे
ओळ ६ : १०.३५, पत्ता ब, प्रवेश अर्ज
ओळ ७ : ११.२०, पत्ता अ, मुखपृष्ठ
ओळ ८ : ११.२४, पत्ता अ, सूचना
ओळ ९ : ११.२६, पत्ता ब, वेळापत्रक

पुढे वाचण्यापूर्वी कागद घ्या आणि या ओळींची सत्रे पाडून पाहा. नियम असा धरा : एकाच पत्त्याच्या लागोपाठच्या दोन ओळींत ३० मिनिटांपेक्षा जास्त खंड असेल, तर नवे सत्र सुरू झाले.

झाले? आता ताळा पाहू. पत्ता अ च्या ओळी १०.०२, १०.०४ आणि १०.११ या एका सत्रात. नंतर ६९ मिनिटांचा खंड. म्हणून ११.२० आणि ११.२४ हे दुसरे सत्र. पत्ता ब च्या ओळी १०.०३, १०.०९ आणि १०.३५ यांत सर्वांत मोठा खंड २६ मिनिटांचा. तो ३० पेक्षा कमी, म्हणून सत्र एकच. पुढे ५१ मिनिटांनी ११.२६ ची ओळ आली, ते नवे सत्र. एकूण सत्रे चार.

संगणकाला कसे सांगायचे?

नऊ ओळी हाताने वेगळ्या करता येतात. नऊ लाख ओळी असतील तर? त्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहितात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. अशा कामासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ऑक नावाची भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. ओळीमागून ओळ वाचायची आणि प्रत्येक ओळीवर नेमून दिलेले काम करायचे, हा या भाषेचा स्वभाव. आज पुष्कळ जण १९९१ साली आलेली पायथन ही भाषा वापरतात. भाषा कोणतीही घ्या, पायऱ्या त्याच.

१. एक कोरा तक्ता घ्या. त्यात तीन रकाने : पत्ता, त्या पत्त्याची शेवटची वेळ आणि चालू सत्राचा क्रमांक.
२. लॉगमधील एक ओळ वाचा. तिच्यातून पत्ता आणि वेळ वेगळी काढा.
३. तो पत्ता तक्त्यात आहे का पाहा. नसेल, तर त्याला नवा सत्र-क्रमांक द्या.
४. असेल, तर आताच्या वेळेतून त्याची शेवटची वेळ वजा करा. उत्तर ३० मिनिटांपेक्षा जास्त असेल तर नवा सत्र-क्रमांक. नसेल तर जुनाच.
५. ओळीच्या सुरुवातीला सत्र-क्रमांक लिहून ती बाहेर ठेवा.
६. तक्त्यातील शेवटची वेळ आणि सत्र-क्रमांक बदला. पुढची ओळ घ्या. ओळी संपेपर्यंत पायरी २ पासून पुन्हा करा.

पाहा, यात संपूर्ण लॉग संगणकाच्या स्मृतीत साठवावा लागत नाही. केवळ तक्ता सांभाळायचा. एक ओळ आली, काम झाले, ती पुढे गेली. म्हणून साधा संगणकसुद्धा प्रचंड लॉग हाताळू शकतो.

तुम्ही विचाराल, पाचव्या पायरीत ओळीवर क्रमांकच का लिहायचा? प्रत्येक सत्राची वेगळी फाइल तेथेच का उघडू नये? कारण संगणकाची कार्यप्रणाली एका आज्ञावलीला एका वेळी ठरावीक संख्येहून जास्त फाइली उघड्या ठेवू देत नाही. अनेक संगणकांत ही मर्यादा १०२४ असते. सत्रे पाच हजार असली, की आज्ञावली मध्येच थांबते. म्हणून आधी क्रमांक घालायचा, मग क्रमांकानुसार ओळी लावायच्या आणि शेवटी एकेका सत्राची फाइल उघडून, भरून, बंद करायची. कपाटात दप्तरे लावणारा कारकूनही सगळी दप्तरे एकदम टेबलावर मांडत नाही.

वेळेच्या तीन खोड्या

वजाबाकी सोपी वाटते, पण वेळ मोठी खोडकर आहे.

पहिली खोडी तासांची. १०.५९ आणि ११.०१ यांत दोनच मिनिटांचे अंतर आहे. पण संगणकाने हे आकडे साध्या संख्यांप्रमाणे वजा केले तर उत्तर भलतेच येईल. म्हणून आधी सगळ्या वेळा सेकंदांत बदलतात. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद झाले, ते मोजण्याची पद्धत संगणकांत रूढ आहे.

दुसरी खोडी मध्यरात्रीची. अनेक सर्व्हर रोज रात्री बारा वाजता जुनी वही बंद करून नवी उघडतात. रात्री ११.५५ ला सुरू झालेली बैठक १२.१० ला संपली, तर तिचे अर्धे पान कालच्या वहीत आणि अर्धे आजच्या वहीत. रात्री सोलापूरहून निघून सकाळी मुंबईला पोचणाऱ्या गाडीचा प्रवास आपण तारीख बदलली म्हणून दोन समजत नाही. म्हणून दोन दिवसांच्या वह्या जोडून मगच सत्रे पाडावीत.

तिसरी खोडी रेखांशाची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. सर्व्हर जागतिक वेळ लिहीत असेल, तर केममध्ये सकाळी दहा वाजता उघडलेले पान वहीत पहाटे साडेचारला दिसेल. 'केमची मुले पहाटे उठून अभ्यास करतात' असा आनंददायक पण चुकीचा निष्कर्ष त्यातून कोणीही काढील!

तीस मिनिटे कोणी ठरवली?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तीसच मिनिटे का?

अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रज्ञान संस्थेत कॅटलेज आणि पिटको या दोन संशोधकांनी १९९४ साली १०७ जणांच्या वेब-वापराची तीन आठवडे नोंद ठेवली. एका कृतीपासून दुसऱ्या कृतीपर्यंतचा सरासरी काळ ९.३ मिनिटे आला. त्यात प्रमाण-विचलनाच्या दीडपट काळ मिळवून त्यांनी २५.५ मिनिटांची मर्यादा धरली. पुढे व्यवहारात तिची ३० मिनिटे झाली, आणि आजही संकेतस्थळांची पाहणी करणारी अनेक साधने हीच मर्यादा आपणहून धरतात.

म्हणजे ३० मिनिटे हा निसर्गाचा नियम नव्हे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते, तसे माणसाचे सत्र ३० मिनिटांनी संपत नाही. हे खरे की खोटे, ते आपल्या नऊ ओळींवरच तपासू. मर्यादा २० मिनिटांची करा. पत्ता ब चा २६ मिनिटांचा खंड आता मोठा ठरतो, आणि एकूण सत्रे पाच होतात. मर्यादा ६० मिनिटांची करा. ५१ मिनिटांचा खंड आता लहान ठरतो, आणि सत्रे उरतात तीन. ओळी त्याच नऊ. उत्तर तीन, चार किंवा पाच!

यातले खरे उत्तर कोणते? वही ते सांगू शकत नाही. पत्ता ब वरील व्यक्ती २६ मिनिटे निकाल वहीत उतरवून घेत होती, की आईने हाक मारली म्हणून उठून गेली होती, हे ओळीत लिहिलेले नसते. शेवटचे पान किती वेळ पाहिले, हेही कळत नाही. कारण त्यानंतर मागणीच आली नाही. सत्र हे लॉगमध्ये सापडत नाही. आपण नियम लावतो, आणि त्या नियमातून सत्र तयार होते.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

वेळेपेक्षाही मोठी गफलत पत्त्याची होते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाच्या लोकसंख्येला ते पुरत नाहीत. म्हणून अनेक उपकरणे बाहेरच्या जगाशी बोलताना एकच पत्ता वाटून घेतात. शाळेच्या संगणक-कक्षात वीस संगणक असले, तरी सर्व्हरला बहुधा एकच पत्ता दिसतो. मोबाइल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. उलट, एकच मुलगा घरच्या वायफायवरून निघून रस्त्यावर मोबाइलच्या जाळ्यावर गेला, की त्याचा पत्ता बदलतो आणि वहीत तो दोन माणसे होतो. त्यात भर म्हणून, शोधयंत्रांचे आपोआप फिरणारे संगणकही पाने मागत असतात. त्यांच्या ओळींमागे माणूसच नसतो.

यावर उपाय आहेत. पत्त्याबरोबर ब्राउझरचे नाव आणि जातही पाहिली, तर थोडी अधिक ओळख पटते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची कल्पना आणली. पहिल्या भेटीत सर्व्हर ब्राउझरला एक खुणेची चिठ्ठी देतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ती परत दाखवतो. सामान ठेवायला दिल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखेच हे. पण दोघा भावांनी एकच फोन वापरला, तर बिल्लाही एकच!

याने बिघडते काय? आपल्या कल्पनेतील शाळेने शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना संकेतस्थळावर लावली, असे समजा. लॉगमधून चाळीस सत्रे निघाली. 'वर्गात चाळीस मुले, सगळ्यांनी सूचना वाचली' असे ठरवून गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली नाही. पण त्या चाळीसपैकी काही सत्रे शोधयंत्रांची होती आणि काही एकाच मुलाची दहा वेळा पडलेली. ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांची एकही ओळ वहीत नव्हती. त्यांची शिष्यवृत्ती हुकली. आज्ञावलीने गणित बरोबर केले; तिच्या उत्तराचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला.

ओळी जुळल्या की माणूस दिसतो

याची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक हवी. सुट्या ओळी निरुपद्रवी असतात; पण एका व्यक्तीच्या ओळी एकत्र आल्या, की त्यांतून ती व्यक्ती दिसू लागते. ऑगस्ट २००६ मध्ये ए.ओ.एल. या अमेरिकी कंपनीने संशोधकांसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील सुमारे दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नावे काढून प्रत्येकाला केवळ एक क्रमांक दिला होता. पण एका क्रमांकाखालचे शोध सलग वाचून न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यामागची एक स्त्री शोधून काढली. गावाचे नाव, आडनावाची माणसे, आजार, घरचे प्रश्न, असे सगळे त्या शोधांत होते. कंपनीने माहिती काही दिवसांतच मागे घेतली. पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या.

म्हणून लॉग जपून हाताळावा लागतो. तो ठेवणेही आवश्यक असते. संगणकांवर हल्ला झाला तर माग त्यातूनच लागतो. त्यासाठीच भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये १८० दिवसांचे लॉग सांभाळण्याचा आदेश दिला. तर २०२३ च्या कायद्याने लोकांच्या वैयक्तिक डिजिटल माहितीला संरक्षण दिले. नोंद ठेवा, पण गरजेपुरती; आणि सत्रे मोजायची असतील, तर मोजणी झाल्यावर पत्ते पुसून टाका, हा शहाणा मार्ग.

करून पाहा

संगणक नसला, तरी हा प्रयोग शाळेत करता येईल. वर्गातील पुस्तकांच्या कपाटाजवळ एक वही ठेवा. कपाटाशी येणाऱ्या प्रत्येकाने नाव न लिहिता केवळ आपल्या बाकाचा क्रमांक, वेळ आणि हाताळलेल्या पुस्तकाचे नाव एका ओळीत लिहावे. शनिवारी त्या ओळी कातरून सुट्या पट्ट्या करा, आणि वरच्या सहा पायऱ्या वापरून सत्रे पाडा. एकदा १० मिनिटांचा नियम लावा, एकदा ३० चा, एकदा ६० चा. तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहा. मग एका बाकावर दोघे बसतात, हे ध्यानात घेऊन चर्चा करा : आलेली सत्रे नेमकी कोणाची?

शिक्षकांनी या चर्चेत एक प्रश्न जरूर विचारावा. अमुक इतक्या लोकांनी आमचे संकेतस्थळ पाहिले, असा आकडा वर्तमानपत्रात आला, तर तुम्ही त्या आकड्याच्या मालकाला काय विचाराल? ज्या विद्यार्थ्याने नऊ ओळींची सत्रे स्वतः पाडली आहेत, तो निदान दोन गोष्टी विचारील : खंड किती मिनिटांचा धरला, आणि माणूस कशावरून ओळखला?